धुक्यातला नावाडी

"मग त्यात वाईट काय आहे, तेवढं तरी सांगा, मास्तर."

अभिनंदन चौगुलेनं 'नागबेट'चा चौथा अंक गुंडामास्तरांच्या पुढ्यात ठेवला. ठेवला कसला, जवळजवळ आपटलाच.

'नागबेट' ही त्याची पाच अंकांची चित्रकथा. नागराजानं गावाचा सगळा उजेड नदीतल्या बेटावर कोंडून ठेवलाय आणि एका म्हाताऱ्या नावाड्याचा मुलगा तो सोडवायला निघालाय. पहिले तीन अंक पोरांनी वाचून वाचून फाडले. चौथा आला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. पाचवा, म्हणजे शेवटचा, अजून कोराच होता. दोन महिने झाले, त्यात एक रेघ उमटली नव्हती. हे मात्र अभिनंदननं कुणाला सांगितलं नव्हतं.

गुंडामास्तर मिरजेचे, अभिनंदनला चित्रकला शिकवलेले. चाळीस वर्षं त्यांनी मुलांच्या मासिकांत राक्षस आणि पऱ्या काढल्या. आता हात थरथरतो, म्हणून नुसतं बघतात. बघण्यात मात्र अजून कुणाला हार जात नाहीत.

"लोक काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

"लोकांचं काय घेऊन बसलात! त्यांना प्रत्येक घास भरवायला लागतो. अक्कलकोटच्या एका पोरीनं पत्र पाठवलंय. नावाडीबाबा मेले ते मला दिसलंच नाही, खरंच मेले का, म्हणून विचारतीय."

"मग? मेला का?"

"मेला की. धुक्यात. चार पानं नुसतं धुकं आहे. अकरा दिवस घालवले मी त्या पानांवर. सुचवायचं असतं, मास्तर. सगळं उघडं करून दाखवलं तर ती कला कसली?"

 मास्तरांनी अंक उलटा धरला, खालची बाजू वर. ही त्यांची जुनी सवय. उलट्या चित्रात गोष्ट दिसत नाही, फक्त रेघ दिसते आणि रेघेला खोटं बोलता येत नाही, असं ते शिकवायचे.

आधी मुलाची नागराजाशी लढाई. समोरासमोरची दोन पानं, एकेक खवला कोरून काढलेला. मग धुकं. धुक्यात नावेचं टोक, एका बाजूला काठाची वाळू, आणि पुन्हा धुकं.

मास्तरांनी पान मागं उलटलं, पुन्हा पुढं उलटलं.

"नावाड्याचे हात कुठायत?"

अभिनंदनचे कान लाल झाले. हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारायचा. नव्या पोराला हात काढता येत नाहीत, म्हणून तो माणसाचे हात पाठीमागं नेतो, खिशात घालतो, झुडपाआड दडवतो. मास्तर तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "काय रे, याचे हात कुणी नेले?" आणि खोली हसायची.

"मला हात काढता येतात, मास्तर," तो घुश्शात म्हणाला.

मास्तरांनी कागद आणि पेन्सिल त्याच्याकडं सरकवली.

दोन मिनिटंही लागली नाहीत. वल्हं धरलेले म्हातारे हात, वर आलेल्या शिरा, डाव्या अंगठ्याचं अर्धं नख.

मास्तर त्या नखाकडं बघत राहिले. ते त्यांच्या ओळखीचं होतं. अभिनंदनचे आप्पा माधवनगरला मागावर कामाला होते, तिथं मागात अंगठा सापडून नख गेलं होतं. चार वर्षं, दर रविवारी, ते पोराला सायकलवर बसवून मिरजेला आणायचे आणि शिकवणी सुटेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहायचे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. त्याचं ध्यान उडतंय, म्हणायचे. तेच आप्पा गेल्या आषाढात वारले.

"चांगले आलेत," मास्तर म्हणाले. "येतात की तुला. मग लपवलेस कशाला?"

"लपवले नाहीत."

मास्तरांनी तो कागद उचलून धुक्याच्या पानाशेजारी ठेवला.

"मी..."

शेजारच्या दुकानात कुणीतरी सतारीची तार लावत होतं. तार चढायची, पुन्हा उतरायची.

"मी नव्हतो तिथं, मास्तर."

आता त्याच्या आवाजात घुस्सा उरला नव्हता.

"ताईचे फोनावर फोन येत होते. आप्पा दाराकडं बघतायत, नीघ, म्हणाली. मी पुण्यात नागाच्या खवल्यांत शाई भरत होतो. म्हटलं, एवढी ओळ संपवतो आणि निघतो. मग पुढची ओळ... सांगलीला दवाखान्यात पोचलो तेव्हा तोंडावरनं चादर ओढली होती. हातसुद्धा आत घेतले होते."

तो रडायला लागला. चित्रकार म्हणून पुण्यात नाव झालेला, तिशी ओलांडलेला माणूस हुंदके देऊन रडत होता. गर्विष्ठ माणसाचं रडणं बघवत नाही. त्याला त्याची सवय नसते.

मास्तरांनी त्याला रडू दिलं. वय झालंच होतं त्यांचं, देवाची इच्छा, असलं काही बोलले नाहीत.

"म्हणजे धुकं खरं आहे," शेवटी ते म्हणाले.

अभिनंदननं डोळे पुसले. "मग अंक चांगला आहे?"

"नाही."

"मग चुकलं कुठं? जे मी बघितलंच नाही, ते काढू कसं?"

मास्तरांनी अंक सरळ केला. त्यांचं थरथरतं बोट धुक्यावरून फिरलं, नावेवरून पुढं सरकलं आणि काठाच्या मोकळ्या वाळूवर येऊन टेकलं. तिथं कुणीच नव्हतं.

"उशिरा का होईना, पोरगा आला होता ना रे?" ते म्हणाले. "मग त्याला इथं उभा कर."