भुरकीची हाक

सात टेकड्यांपलीकडे, जिथं वाटसुद्धा जायला कंटाळायची, तिथं एका तळ्यात बेडकांची वस्ती होती. आजूबाजूला कोसभर ओलावा नव्हता, त्यामुळं पळून जायलाही जागा नव्हती. दर उन्हाळ्यात तिथं रानम्हशी उतरायच्या. त्यांच्या शिंगांत ढग अडकतात, हे ऐकतच बेडकांची पोरं मोठी व्हायची. म्हशी मनसोक्त लोळायच्या आणि पाच-दहा बेडूक खुरांखाली चिरडले जायचेच.

एका वर्षी भुरकी बेडकीचा धाकटा भाऊ तसाच गेला. ती म्हणाली, "मुकाट मरण्यापेक्षा सगळे मिळून ओरडू या!"

पुढच्या उन्हाळ्यात कळप काठाशी आला, तसे झाडून सगळे बेडूक एका दमात ओरडले. म्हशी बिथरल्या, शेपट्या उचलून पळाल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. भुरकीला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं.

तिसऱ्या वर्षी तळं भर हिवाळ्यातच आटायला लागलं. म्हातारं कासव म्हणालं, "म्हशी लोळायच्या, तेव्हा तळाचा चिखल दाबून बसायचा, पोरी. आता पाणी खाली झिरपून जातंय."

"मग तेव्हाच का नाही बोललात, आजोबा?"

"तुझा भाऊ गेला होता गं. कुठल्या तोंडानं बोलणार?"

एके दिवशी टेकडीवर कळप दिसला. उरल्यासुरल्या चिखलात उभी राहून भुरकी जीव तोडून हाका मारू लागली, "या गं बायांनो, या!" तिच्यामागून सगळी वस्ती ओरडू लागली.

म्हशींच्या कानी मात्र तोच जुना आवाज पडला, आणि त्यांनी शेपट्या उचलल्या.