इवलीचा एक थेंब

एक होती चिचुंद्री. राहायची कुठं, तर ठकूबाई तेलिणीच्या अंगणात, दगडी कुंपणाच्या फटीत. तिला तीन पिल्लं. थोरली रुंजी, मधला टुक्या, धाकटी इवली. इवली केवढी, तर चिंचोक्याएवढी.

चिचुंद्र्यांना दिसतं कमी. म्हणून त्या रांग करून चालतात. आईचे केस इवलीच्या तोंडात. इवलीचे केस रुंजीच्या तोंडात. रुंजीचे केस टुक्याच्या तोंडात. अशी रांग निघायची. तुरु तुरु तुरु. अंगण ओलांडायची, तेलिणीच्या कोठीत शिरायची, तिथले किडे खायची.

पण आईच्या डोक्यात झाला कोंडा. खस खस खाजवायची. पांढरं पांढरं पडायचं. डोक्यातला कोंडा पाठीवर उतरला. पाठीचे केस सैल झाले.

एक दिवस काय झालं, भर अंगणात आईचे केस सुटले. तुट. इवलीच्या तोंडात नुसते केस. आई पुढं गेली. पिल्लं मागं राहिली.

मांजर आलं. झप. टुक्याला घेऊन गेलं.

मग रांग निघेना. आई एकटी जायची, एक किडा आणायची. किडा एक आणि तोंडं तीन. आई म्हणायची, "मला नाही भूक." आणि खस खस खाजवत बसायची.

रुंजी म्हणाली, "कोंड्याला करंजाचं तेल लावतात. तेलिणीकडं असतं."

इवली म्हणाली, "केस माझ्या तोंडातून सुटले. मीच जाते."

तुरु तुरु तुरु, भिंतीच्या कडेकडेनं, इवली गेली तेलिणीकडं.

"तेलीणबाई, तेलीणबाई, तेल दे.
तेल आईच्या कोंड्याला,
केस माझ्या तोंडाला."

ठकूबाईनं नाकाला पदर लावला. म्हणाली, "लांबून बोल गं, वास येतो तुझा. कुठलं तेल? घाणा उभा आहे माझा. बैल घाणा ओढील, मग मी तेल देईन."

तुरु तुरु तुरु, इवली गेली बैलाकडं.

"बैलदादा, बैलदादा, घाणा ओढ.
बैल ओढील घाणा,
तेलीण देईल तेल,
तेल आईच्या कोंड्याला,
केस माझ्या तोंडाला."

बैल म्हणाला, "वर चढ आणि माझी मान बघ. जू काचून सोलली आहे. सुतार जू तासील, मग मी घाणा ओढीन."

तुरु तुरु तुरु, इवली गेली सुताराकडं.

"सुतारदादा, सुतारदादा, जू तास.
सुतार तासील जू,
बैल ओढील घाणा,
तेलीण देईल तेल,
तेल आईच्या कोंड्याला,
केस माझ्या तोंडाला."

सुतार म्हणाला, "कशानं तासू, तुझ्या नाकानं? माझा वाकस बघ. लाकूड तासायचा वाकस, आता लोणीसुद्धा तासत नाही. लोहार धार लावील, मग मी जू तासीन."

तुरु तुरु तुरु, इवली गेली लोहाराकडं. पाय दुखले. पोटात काही नव्हतं.

"लोहारबाबा, लोहारबाबा, धार लाव.
लोहार लावील धार,
सुतार तासील जू,
बैल ओढील घाणा,
तेलीण देईल तेल,
तेल आईच्या कोंड्याला,
केस माझ्या तोंडाला."

लोहार म्हातारा होता. त्यानं दोन्ही हात पुढं केले. हाताला भेगाच भेगा. म्हणाला, "हातोडा धरला की रक्त येतं, पोरी. भेगांना तेल आण, मग मी धार लावीन."

"कसलं तेल, लोहारबाबा?"

"करंजाचं. दुसरं कसलं?"

इवली तिथंच बसली. मग एकेक जुळवायला लागली.

"तेल लोहाराच्या भेगांना,
लोहार लावील धार,
सुतार तासील जू,
बैल ओढील घाणा,
तेलीण देईल तेल,
तेल लोहाराच्या भेगांना,
लोहार लावील धार..."

पुन्हा तिथंच. परत म्हटलं, पुन्हा तिथंच. तोंड सुकलं, पण तेल काही येईना. सगळ्यांना तेल हवं, आणि तेल कुणाकडंच नाही.

वाटेत करंजाचं झाड होतं. इवली त्याच्या खाली बसली. खाली वाळक्या शेंगा पडल्या होत्या. इवलीनं एक शेंग कुरतडली. कट कट कट. आत बी. बी चावली. कडू, कडू, कडू. थू करून पानावर टाकली. वरून खडा दाबला. पान नुसतं ओलं झालं.

दुसरी शेंग. कट कट कट. कडू. थू.
तिसरी शेंग. कट कट कट. कडू. थू.

शेंगा किती फोडल्या, ते इवलीला मोजता येत नव्हतं. ओठ सुजले. पुढचा दात हलला. दुपार झाली, ऊन उतरलं. तेव्हा कुठं पानावर एक थेंब जमला. पिवळा. एकच.

पान तोंडात धरून इवली घरी आली. तुरु. तुरु. थेंब सांडू नये म्हणून अगदी हळू.

आई खस खस खाजवत होती. नखांना रक्त लागलं होतं. रुंजी म्हणाली, "आणलंस? लाव, आईला लाव."

आई म्हणाली, "लाव गं. फार खाजतं."

इवलीनं आईकडं पाहिलं. थेंबाकडं पाहिलं. आईच्या डोक्यापासून शेपटापर्यंत कोंडा, आणि थेंब एक.

इवली म्हणाली, "आज नाही लावत, आई. हा लोहाराचा आहे."

रुंजी म्हणाली, "आईपेक्षा लोहार मोठा झाला होय तुला?"

आई भिंतीकडं तोंड करून बसली. खस खस. खस खस.

इवली पान घेऊन निघाली. रडत निघाली, पण तोंड उघडलं नाही. तोंडात पान होतं ना.

लोहारानं थेंब बोटावर घेतला. उजव्या हाताच्या भेगेला लावला. चोळला. मूठ मिटली, उघडली. म्हणाला, "एका भेगेला पुरलं. तर मग एका वाकसाचं काम करतो."

लोहारानं धार लावली. घस घस घस.
सुतारानं जू तासलं. छप छप छप.
बैलानं घाणा ओढला. कुर्र कुर्र कुर्र.
तेलिणीच्या घाण्यातून तेल पडलं. टप टप टप.

ठकूबाईनं करवंटी भरली. पदर नाकालाच होता. म्हणाली, "ने. आणि नीट ऐक. आज लावलं आणि उद्या कोंडा गेला, असं नसतं. सात दिवस लाव. थोडंच लाव, बोटानं चोळून लाव. रात्रभर राहू दे, सकाळी रिठ्याच्या पाण्यानं धू."

"आणि लोहाराला? आणि बैलाला?"

"त्यांचं काढून ठेवलंय मी. तू जा. आई वाट बघत असेल."

पहिल्या दिवशी इवलीनं तेल लावलं. आई खस खस खाजवत होती.
दुसऱ्या दिवशी लावलं. खस खस.
तिसऱ्या दिवशी लावलं. खस.
चौथ्या दिवशी आई झोपली. किती दिवसांनी झोपली.
पाचव्या दिवशी पांढरं पडलं नाही.
सहाव्या दिवशी बारीक केस दिसले.
सातव्या दिवशी इवलीनं आईचा केस दातात धरला आणि हळूच ओढला.

"आई गं," आई म्हणाली. "दुखतं ना."

केस सुटला नाही.

आठव्या दिवशी रांग निघाली. आईचे केस इवलीच्या तोंडात. इवलीचे केस रुंजीच्या तोंडात. रुंजीच्या मागं कुणी नव्हतं. मांजर कुंपणावर बसलं होतं. रांग तुटली नाही, थांबली नाही. तुरु तुरु तुरु, सरळ कोठीत.

कोठीत किडेच किडे. तेलिणीच्या बिया पोखरत होते. तिघींनी पोटभर खाल्ले. ठकूबाईनं दिवा घेऊन पाहिलं. बियांत एक किडा नाही. म्हणाली, "वास येतो तर येऊ दे बाई. आता अंगण ओलांडत जाऊ नका. इथंच राहा." आणि कोठीच्या भिंतीतला कोनाडा त्यांना दिला. आत चिंध्या घातल्या, मऊ मऊ.

पुढं आईला आणखी चार पिल्लं झाली. आता रांगेत सात जण. त्यांना किड्यांची कमी पडली नाही. मांजर दाराबाहेरच राहिलं. त्यांची पोटं भरली, तशी तुमची भरोत.