कोण खेळणार?

“आणि वजन?” हमीदसरांनी विचारलं.

“दोन किलो तीनशे ग्रॅम.”

“चार्जरसकट?”

रेणुका थांबली. बोटाने तिने फोनवरचा तक्ता वर सरकवला, मग खाली सरकवला.

“चार्जरचं... दिलेलं नाही, सर.”

“मग चार्जर कोण उचलणार?”

सर हातातल्या मदरबोर्डवरची धूळ ब्रशने झटकत राहिले.

हमीदसरांनी अमरावतीच्या तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत ते लॅपटॉप दुरुस्त करत बसत. जुने विद्यार्थी येत. निम्मे दुरुस्तीला आणि निम्मे विचारायला.

रेणुका इंगोले त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती, आणि हे सरांपेक्षा तिलाच जास्त माहीत होतं. आता ती रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका कंपनीत होती. महिन्यातले तीन आठवडे धारणीकडच्या साइटवर, एक आठवडा अमरावतीच्या ऑफिसात. शनिवारी घरी, अंजनगावजवळच्या गावी.

तिला गेमिंग लॅपटॉप घ्यायचा होता. पासष्ट हजारांच्या आत. तिने अकरा लॅपटॉपांचा तक्ता केला होता. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, स्क्रीन, सगळे रकाने भरलेले. सरांनी तो नीट पाहावा आणि “शाब्बास” म्हणावं, इतकंच तिला हवं होतं. निवड तिने मनात केलेलीच होती. पहिल्या क्रमांकाचा, सगळ्यात वेगवान.

सरांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही.

“कोण खेळणार?”

“मी.”

उत्तर फार लवकर आलं.

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“उद्या ये,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती गेली. बरोबर चार्जरची वजनं घेऊन गेली. रात्री बसून तिने ती शोधली होती.

“सर, पहिल्याचा चार्जर सातशे ग्रॅमचा आहे. म्हणजे एकूण तीन किलो. पण ताकद बघितली तर...”

“कोण खेळणार?”

“सांगितलं ना सर, मी.”

“बरं. उद्या ये.”

तिसऱ्या दिवशी ती रागातच आली. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

“सर, ऑफर रविवारी संपते. तुम्ही रोज एकच विचारता. मी खेळले काय नि दुसरं कोणी खेळलं काय, मशीन तेच राहणार ना?”

सर उठले. कपाट उघडून त्यांनी एक काळी बॅग काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

आत एक जुना गेमिंग लॅपटॉप होता. कोणीतरी भंगारात काढलेला, सरांनी नवी बॅटरी घालून उभा केलेला. शेजारी विटेएवढा चार्जर.

“घेऊन जा. सोमवारपासून धारणीला जाणार ना?”

“हो. पण सर, हा सहा वर्षांचा आहे.”

“घेऊन जा. जिथं जाशील तिथं हा बरोबर. एसटीत पायाशी ठेवायचा नाही, मांडीवर ठेवायचा. पुन्हा अमरावतीला येशील तेव्हा परत आण.”

“आणि ऑफर?”

सर पुन्हा ब्रश घेऊन कामाला बसले होते.

तिने बॅग उचलली. दारापर्यंत जाईतो खांदा बदलला.

खरं कारण तिने सरांना सांगितलं नव्हतं.

तिचे वडील, सुखदेव इंगोले, एसटीत ड्रायव्हर होते. एकोणतीस वर्षं. त्यातली बरीचशी परतवाडा–धारणी मार्गावर, मेळघाटातून. निवृत्तीनंतर साखरेने पाय धरला आणि दोन वर्षांपूर्वी उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ब्रेकचा पाय.

तेव्हापासून ते बाजेवर बसून असत. जेवण झालं का विचारलं तर हो. बरं वाटतं का विचारलं तर हो. बाकी गप्प.

दिवाळीत चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम होता. त्याने सहज काकांना बसवलं. बाबा तासभर उठले नाहीत. एका वळणावर समोरून ट्रक आला तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, “अबे, हॉर्न दे ना.” आणि हसले.

रेणुकाने दोन वर्षांनी ते हसू ऐकलं होतं.

लॅपटॉप त्यासाठी होता. साइटवर तिला कामाला होईल, शनिवारी बाबांना नेता येईल. पण हे सांगितलं तर सर म्हणतील, म्हाताऱ्या माणसाला साधा पुरे. आणि बाबांना साधं काही द्यायचं नाही, हे तिने ठरवलेलं होतं.

सोमवारी ती धारणीला निघाली. परतवाड्याला गाडी बदलली. बॅग मांडीवर. घाटात प्रत्येक वळणाला ती बॅग पोटात रुतायची. सेमाडोहला उतरून चहा प्यावा असं वाटलं, पण बॅग घेऊन उतरायचं जिवावर आलं. ती बसूनच राहिली.

विश्रामगृहातल्या खोलीत तीन पिनांचा एकच सॉकेट होता, तोही दाराशी. टेबल दुसऱ्या भिंतीला. चार दिवस ती दारात खुर्ची टाकून बसली. जाणारा-येणारा वायर ओलांडून जायचा.

चार्जर काढला की बॅटरी चाळीस मिनिटं टिकायची. पंखा असा घुमायचा की शेजारच्या खोलीतले ओव्हरसियर येऊन विचारून गेले, “मॅडम, मिक्सर आणला का?”

शनिवारी ती गावी पोचली तेव्हा खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ होता.

बाबांनी तो पाहिला.

“काय आणलं एवढं?”

“गाडी,” ती म्हणाली.

तिने बाजेवर गोधडी सारखी केली, लॅपटॉप बाबांपुढे ठेवला, गेम सुरू केला. डोंगरातला रस्ता निवडला. बाबांनी कीबोर्डवर बोटं ठेवली.

“डबल बेल दे,” ते म्हणाले.

“टिंग टिंग,” रेणुका म्हणाली.

बस निघाली.

वीस मिनिटांनी स्क्रीन एकदम काळा झाला. तिने हात लावून पाहिलं. लॅपटॉप चटका बसेल इतका तापला होता. खालच्या जाळ्या गोधडीत बुजल्या होत्या.

तिला रडू आलं. बाबांसमोर मशीन बंद पडलं होतं. याचसाठी तिला पहिल्या क्रमांकाचा हवा होता.

“जुना आहे, बाबा. मी नवीन घेणार आहे. चांगला. हा सरांनी...”

“बोलू नको जराशी.”

बाबांनी लॅपटॉप उचलून गोधडीबाहेर काढला. आईला हाक मारून पाट मागवला. लॅपटॉप पाटावर ठेवला आणि त्याच्या बाजूला तळहात टेकवून बसले.

“इंजिन तापलं. दम खाऊ दे त्याले.”

दोघं बसून राहिले. बाबांचा हात तसाच.

“सेमाडोहच्या पुढं एकदा अशीच उभी राह्यली होती,” बाबा बोलू लागले. “चाळीस पॅसेंजर. कंडक्टर म्हणे ढकलू. मी म्हटलं, थांब. गाडी मेली नाही, थकली हाय.”

“मग?”

“मग काय. सगळ्यायनं उतरून भाकरी खाल्ली. अर्ध्या घंट्यानं लागली चालू.”

रेणुकाने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. बाबांनी दोन वर्षांत सलग इतकी वाक्यं बोललेलीही तिने ऐकली नव्हती.

“बाबा, डेपोत नवी गाडी आली की तुम्ही काय पाहायचे?”

“बाकीचे पिकअप पाहायचे. मी पाहायचो, हिचा पार्ट धारणीले भेटते का नाही.” ते थोडं थांबले. “पळणारी गाडी लय पाह्यली मी. घरी आणणारी पाहिजे.”

हाताखालची उष्णता उतरली. त्यांनी मान हलवली. तिने बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला.

घाट निम्मा चढून झाला तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि गेम रखडू लागला. झाडं अडखळत मागे जात होती. बस एक पाऊल टाकल्यासारखी पुढे सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची.

रेणुकाला बघवेना.

“बंद करू, बाबा? फार हळू चाललंय.”

“काहून बंद करतं?” बाबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. “घाट हाय. घाटात गाडी अशीच चढते.”

बाबा गाडी चढवत राहिले. आई दारात येऊन उभी राहिली होती.

पुन्हा अमरावतीच्या ऑफिसचा आठवडा आला तेव्हा रेणुका सरांकडे गेली. बॅग टेबलावर ठेवली आणि या वेळी खुर्चीवर बसली.

सरांनी विचारलं, “कोण खेळणार?”

“माझे बाबा,” ती म्हणाली.

आणि तिने सगळं सांगितलं. पाय, बाज, दिवाळी, पाट, लाइट. सांगताना दोनदा थांबली. सरांनी ब्रश बाजूला ठेवला होता. ती थांबली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले, तिचं सुरू होईपर्यंत.

“हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?”

“मला वाटलं, तुम्ही म्हणाल साधा घे.”

“म्हटलं असतं,” सर म्हणाले.

ती हसली. सरही हसले.

“दाखव आता तो तक्ता.”

तिने या वेळी तक्ता कागदावर छापून आणला होता. “खोडला, सर. अकरातले तीनच उरले.”

“बाकीचे आठ कशात गेले?”

“चार्जरसकट अडीच किलोच्या वरचे गेले. दुरुस्तीला नागपूरला पाठवावे लागणारे गेले. ज्यांची रॅम नंतर वाढवता येत नाही, ते गेले.”

“आणि पहिला? तुझा आवडता?”

“तो सगळ्यात आधी गेला.”

सरांनी तक्ता हातात घेतला. आज पहिल्यांदाच. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी प्रत्येक ओळ वाचली. एका जागी बोट ठेवलं.

“हा घेणार?”

“हो. दुकानात जाऊन बघितला. झाकण एका हाताने उघडतं, बाबांना जमेल. बिजागरी घट्ट आहे. अर्धा तास गेम चालवायला लावला दुकानवाल्यांना. तापला, पण बंद पडला नाही. पाट आहेच घरी. आणि पासष्टच्या आत बसतो. उरलेल्यात एक छोटं स्टीअरिंग येतं, टेबलाला लावायचं.”

“याचं चित्र पहिल्याएवढं पळणार नाही.”

“नाही, सर.”

“बाबांना कळेल?”

“नाही कळणार.”

“तुला?”

“मला कळेल.”

“मग?”

“मी मागच्या सीटवर असते, सर.”

सरांनी तक्त्याचा कागद चार घड्या करून तिला परत दिला. जुना लॅपटॉप बॅगेतून काढला, फडक्याने पुसला आणि कपाटात ठेवला.

बाहेर त्यांच्या बायकोने चहा ठेवल्याचा आवाज आला.

“घेऊन टाक,” सर म्हणाले. “चांगली निवड आहे.”

शाब्बास ते तेव्हाही म्हणाले नाहीत. पण तिला आता ते नकोही होतं. ती उठली, वाकून नमस्कार केला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दारापाशी जाऊन ती वळली.

“सर... एक विचारू?”

“विचार.”

“तक्त्यात हा रकानाच नव्हता. कुठे सापडतही नाही.” तिचा आवाज खाली आला. “किती वर्षं मिळतील?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती लॅपटॉपबद्दल बोलत होती. किंवा तसं दोघांनीही धरलं.

“शनिवारी कशाला,” सर म्हणाले. “शुक्रवारीच घरी निघत जा.”