भिवराची दवंडी

"पुरुषाने पुरुषाबरोबर संसार थाटायचा? माझ्या राज्यात? हद्दपार करा दोघांना!" सारंगगडचा राजा मकरंदसिंह कडाडला.

समोर बेड्या घालून उभे होते येसबा ताशेवाला आणि हार गुंफणारा केरू. दोघे कित्येक वर्षं एका घरात, एका चुलीवर सुखाने राहत होते.

केरूची बहीण भिवरा गर्दीतून पुढे आली. "महाराज, पाच राजांनी मिळून करार केलाय. ज्याने कुणाचं नुकसान केलं नाही, त्याला कुठलाच राजा शिक्षा करणार नाही! त्यावर आपलाही शिक्का आहे."

दरबारात बसलेल्या बाकीच्या चार राजांच्या वकिलांनी माना डोलावल्या. राजा चपापला. पण हट्ट सोडेल तर तो मकरंदसिंह कसला!

"नुकसान साऱ्या रयतेचं झालंय! नाही म्हणतेस? मग उद्या सूर्य मावळायच्या आत घरोघरी विचारून सिद्ध कर! तोवर हे दोघे कोठडीत!"

"एवढं मोठं राज्य! ताई, तू घरी जा," केरू रडकुंडीला आला.

"गप रे! महाराज, मला फक्त दवंडीवाला द्या."

गावोगाव दवंडी पिटली, "येसबा-केरूच्या प्रकरणात ज्याचं नुकसान झालं असेल, त्याने दरबारात यावं हो!"

दुसऱ्या दिवशी ही रांग! राजा खूश झाला. "बघ, केवढे फिर्यादी!"

पहिला म्हणाला, "महाराज, आज माझ्या लेकीचं लग्न. ताशाशिवाय नवरदेव मांडवात यायला तयार नाही. घोड्यावरच रुसून बसलाय!"

पुजारी म्हणाला, "देव सकाळपासून बिनहाराचा!"

मग एक म्हातारी काठी टेकत आली. "माझं यांच्याकडे काही काम नव्हतं. मी शेजारीण. संध्याकाळी ओट्यावर बसून दोघं भांडायचे, हसायचे. आता घराला कुलूप. मला करमत नाही, बाबा!"

"पण तुमचं नुकसान केलं कुणी?" राजा भडकला.

"ज्याने त्यांना कोठडीत डांबलं त्याने!" म्हातारी म्हणाली.

भिवराने हात जोडले. "महाराज, मी हरले! नुकसान झालंय, हे आपलं म्हणणं खरं ठरलं. आता ज्याने केलं, त्याला हद्दपार करा. आपल्यासाठी घोडा आणू की पालखी?"

वकील टक लावून राजाकडे बघू लागले. राजाच्या मिशा थरथरल्या आणि तो पोट धरधरून हसत सुटला!

"जिंकलीस, पोरी! तुझा भाऊ सुटला. आणखी माग, काय हवं ते!"

"असा संसार करणाऱ्यांना हद्दपार करायचा हुकूमच रद्द करा, महाराज. असे कितीतरी जण जीव मुठीत धरून राहताहेत."

राजाने तिथल्या तिथे हुकूम फाडला, दोघांच्या बेड्या काढायला लावल्या आणि स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं भिवराच्या मनगटात चढवलं. ते थेट तिच्या कोपरापर्यंत गेलं!