सहाव्या ठरावाआधीचा चहा

एकदा एक तरुणी परदेशात कंपनी कायदा शिकून मायदेशी परतली आणि पंप बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीची सचिव झाली. वार्षिक सभेत भागधारक संचालकांना जाब विचारतील, अशी तिची अपेक्षा होती. प्रत्यक्षात विषयाचे वाक्य पुरे होण्याआधीच सभागृह ‘मंजूर, मंजूर’ म्हणत होते. ताळेबंद मंजूर, लेखापरीक्षक मंजूर. मध्येच तिला शिंक आली, तीही मंजूर झाली.

सहावा ठराव मात्र साधा नव्हता. कंपनीची रस्त्यालगतची दोन एकर जागा अध्यक्षांच्या मेहुण्यांना विकायची होती आणि किंमत नंतर ठरणार होती. नवा कारखाना उभारायला कंपनीकडे दुसरी जागा नव्हती.

नियमानुसार अध्यक्षांनी त्या विषयापुरती खुर्ची सोडली आणि वयोवृद्ध संचालक तात्या तिथे बसले. तरुणीने कलमे, उपकलमे आणि परंतुकांसह बावीस मिनिटे टिपण वाचले. हितसंबंध, मूल्यांकन, पारदर्शकता. ती थांबली आणि सभागृह म्हणाले, “मंजूर.”

“अनुमोदन कोणाचे?” तात्यांनी विचारले.

“माझे,” मेहुणे म्हणाले.

तरुणीने हताशपणे तात्यांकडे पाहिले. तात्या शांतपणे उठले.

“मतदानाआधी जरा चहाचं सांगतो. सभेचा चहा यंदापासून अध्यक्षांच्या मेहुण्यांकडून घ्यावा म्हणतो. दर ते नंतर कळवतील. पैसे कंपनीचे, म्हणजे तुमचेच.”

सभागृह खडबडून जागे झाले.

“दुसऱ्या कुणाला विचारलं का?” निवृत्त वायरमन चौगुले उभे राहिले.

“नाही.”

“मग दर नंतर कसा? आधी प्यायचा आणि बिल बघून चक्कर यायची?”

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, “आणि मेहुणे इथंच बसलेत की. त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? त्यांना जरा बाहेर पाठवा.”

“मी साखर बेताचीच घालीन,” मेहुणे गोंधळून म्हणाले.

“तुम्ही बोलू नका. तुमचाच चहा आहे,” बाईंनी बजावले.

तात्या एकेक प्रश्न कागदावर उतरवून घेत होते. मग त्यांनी चष्मा नीट केला.

“चहा नेहमीच्याच दुकानातून आलाय, काळजी नको. आता तुमचेच प्रश्न सहाव्या ठरावाला विचारतो. दोन एकरांसाठी दुसऱ्या कुणाला विचारलं का? दर नंतर का? आणि मेहुणे इथं का?”

“असं आहे होय ते,” चौगुले तरुणीकडे वळून म्हणाले. “मग सरळ सांगायचं की हो, बाई.”

ठराव फेटाळला गेला. विरोधाचे हात वर झाले तेव्हा सवयीने मेहुण्यांचाही हात वर गेला होता. तो मोजला नाही.

सभा संपल्यावर तरुणी म्हणाली, “तात्या, मी बावीस मिनिटं हेच तर सांगत होते. या लोकांना कायदाच कळत नाही.”

“कळतो की. आपल्या मालाचा सौदा आपल्या पाठीमागे होऊ नये, एवढाच तर तो कायदा. तो त्यांना तुझ्या पदवीच्या आधीपासून ठाऊक आहे. पण तू वाचत होतीस तेव्हा चौगुल्यांना वाटलं, कळलं नाही म्हणावं तर चारचौघांत हसं होईल. म्हणून ते मंजूर म्हणाले. तो होकार नव्हता, पोरी, संकोच होता. त्या संकोचाच्या भरवशावरच मेहुणे इथे आले होते. आणि तो वाढवायचं काम तू फुकटात करत होतीस, तेही अगदी मनापासून.”

तरुणीने हातातल्या टिपणाकडे पाहिले. पहिलेच वाक्य नऊ ओळींचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवले, की यापुढे सभेची प्रत्येक सूचना छापण्याआधी चौगुल्यांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवायची; आणि ज्या वाक्यावर ते आदराने नुसती मान डोलावतील, ते वाक्य खोडायचे.