बुवांचा नवा फोन

मिरजेत एक वृद्ध गवई मुला-सुनेसह राहत असत. सारे त्यांना बुवा म्हणत. ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली होती, पण त्याविषयी ते क्वचितच बोलत. वैजयंती नावाची त्यांची एक शिष्या होती. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी सांगलीतल्या एका संगणक कंपनीत. रविवारी ती शिकायला येई, तेव्हाही आठवड्याभराचा शीण तिच्या खांद्यांवर असे.

बुवांचा फोन अँड्रॉइडचा होता. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखाली काय आहे ते फोन मोठ्याने सांगे. त्या आवाजाच्या आधाराने बुवा बातम्या ऐकत, शिष्यांना निरोप पाठवत, आणि रोज सकाळी धारवाडला आपल्या थोरल्या बहिणीला, अक्काला, फोन लावत. पुढे त्या फोनची बॅटरी फुगली. आता तो वापरणे धोक्याचे आहे, असे दुकानदाराने बजावले.

नवा फोन शिष्यांनी मिळून द्यावा असे ठरले, आणि लगेच दोन तट पडले. कोणी म्हणे, अँड्रॉइडच घ्या, त्यात हवे तसे बदल करता येतात. कोणी म्हणे, आयफोन एकदा घेतला की कटकट नाही. निवडीचे काम वैजयंतीकडे आले. तिने लेख वाचले, व्हिडिओ पाहिले, ओळखीच्या माणसांना विचारले. कोणाचा कॅमेरा सरस, इथवर चर्चा झाली. दृष्टिहीन माणसाला त्याचे काय, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. अखेरीस तिला त्या तुलनेचाच इतका वीट आला की, जो फोन ती स्वतः वापरत होती तोच तिने बुवांसाठीही घेतला. तो आयफोन होता.

बुवांनी तो दोन्ही हातांत घेऊन चाचपला. "गुळगुळीत आहे गं," ते म्हणाले. तिने त्यातही बोलणारी सोय सुरू करून दिली, कुठे कसे बोट फिरवायचे ते घाईघाईने दाखवले आणि निघाली. एक काम हातावेगळे झाले, एवढेच समाधान तिला होते.

त्यानंतरच्या एका रविवारी ती शिकवणीला बसली. तंबोरा उचलला, तोच बुवा म्हणाले, "आज डाव्या हातानं छेड."

"डाव्या?"

"हो. आणि यमन म्हण."

तिने तंबोरा दुसऱ्या खांद्याला लावला. तारांचा क्रम उलटा झाला. बोटे चुकीच्या तारेवर पडू लागली. बोटे सावरायला जावे, तर सूर हलत होता. वर्षानुवर्षे म्हटलेला यमन तिच्या गळ्यात अडकू लागला. बुवा थांबवत नव्हते. शेवटी तिनेच तंबोरा खाली ठेवला.

"बुवा, नाही होत माझ्याच्यानं. आज मी खरंच दमलेय."

"मीही दमलोय, वैजू," बुवा म्हणाले.

त्यांच्या आवाजात रोष नव्हता, आणि म्हणूनच ती चपापली. तिने विचारले, "काय झालं, बुवा?"

"अक्काशी बोलणं झालेलं नाही. तू फोन आणलास तेव्हापासून."

"का? तब्येत बरी नाही का त्यांची?"

"ती ठणठणीत आहे. मला फोन लावता येत नाही. तिचा येतो, पण मी बोट कुठे ठेवू म्हणेपर्यंत थांबतो. जे दोन बोटांनी व्हायचं, ते आता तीन बोटांनी. घर तेच, पण कोणी सगळी भांडी इकडची तिकडे ठेवली, असं झालंय. तिला वाटत असेल मी रागावलोय. मिरज सोडून माझ्याकडे राहायला ये म्हणाली होती, मी नाही म्हटलं होतं ना."

"मग मला सांगायचं! नाहीतर सूनबाईंकडून लावून घ्यायचा."

"सून लावून देते म्हणाली होती. मीच नको म्हटलं. बाकी सगळ्याला कोणाचा तरी हात धरावा लागतो गं. बहिणीला फोन तेवढा मी माझा लावत होतो."

बुवा सावकाश बोलू लागले.

"दोन्ही फोन उत्तमच असतील. तू प्रेमानं आणलास, हेही मी जाणतो. पण तू फोनांची परीक्षा घेतलीस, माझ्या बोटांना काही विचारलं नाहीस. तुझा उजवा हात चांगला आणि डावा वाईट, असं आहे का? नाही. उजव्यात तुझी वर्षं गेली आहेत. माझंही तसंच. आणि मला नव्याचं वावडं नाही. डोळे गेले तेव्हा मी चालणं, जेवणं, जिना उतरणं, सगळं पहिल्यापासून शिकलो. पुन्हा एकदा पहिल्यापासून शिकायला आता बळ उरलेलं नाही. उद्या जमेल, उद्या जमेल, असं म्हणत गप्प राहिलो. ती चूक माझी."

त्या दिवशी शिकवणी पुढे झाली नाही. फोनचे दुकान उघडे होते. वैजयंती बुवांना घेऊनच तिथे गेली. या खेपेस तिने कोणतीही तुलना वाचली नाही. एकेक अँड्रॉइड फोन बुवांच्या हाती दिला आणि शेजारी बसून राहिली. एका फोनवर त्यांची बोटे न अडखळता फिरू लागली. "हा," ते म्हणाले.

घरी येताच त्यांनी धारवाडचा फोन स्वतः लावला.

"मेल्या, जिवंत आहेस होय!" पलीकडून अक्का कडाडली. "मी इथे देव पाण्यात घालून बसलेय!"

"अगं, फोन बदलला होता."

"फोन बदलला, की माणूस बदललं?"

बुवा हसले आणि फोन कानाशी धरून, खिडकीशी बसून, बहिणीशी बोलू लागले. वैजयंतीने हलकेच दार ओढून घेतले. ती बाहेर पायरीवर बसली. तिला कुठे जायची घाई नव्हती, आणि हे तिला फार दिवसांनी जाणवले.

पुढे कचेरीत कोणी विचारी, "आईसाठी फोन घ्यायचाय, या दोहोंतला कोणता चांगला?" ती म्हणे, "आईंशेजारी जरा वेळ बसून त्यांची बोटं कशी फिरतात ते बघ. मग विचार."