एका खेळीने

“पण चूक माझी होती का, बुवा? तेवढं सांगा. माझी चूक काय होती?”

अमोघ वाकणकर तिसऱ्यांदा हेच विचारत होता. हिरागिर बुवा मठाच्या ओट्यावर बसून घायपाताची दोरी वळत होते. तिन्ही वेळा त्यांनी मान वर केली नव्हती.

अमोघ पुलांचे आराखडे काढायचा. त्याच्या एका पुलावरून गाड्या धावत होत्या, आणि ओळख झाल्यावर पाच मिनिटांच्या आत तो हे सांगायचा. वडिलांचं या मठात येणं-जाणं होतं, म्हणून वर्षातून दोनदा तोही टेकडी चढून यायचा. एरवी हातात पेढ्यांचा पुडा असायचा. आज नुसता राग घेऊन आला होता.

“पुन्यांदा सांग,” बुवा म्हणाले. “सावकाश. मला त्या खेळातलं काय कळत नाय.”

अमोघने पुन्हा सांगितलं. दर रविवारी दुपारी तो पुण्यात आणि धाकटी बहीण शर्वरी चंद्रपुरात, दोघं आपापल्या कॉम्प्युटरवर एकच खेळ खेळायचे. दोघांचं एकेक राज्य. आळीपाळीने एकेक खेळी करत शहरं वसवायची, शेतं करायची, तट बांधायचे. त्यात काही इमारती अशा, की साऱ्या जगात एकच उभी राहणार. त्यांना ‘आश्चर्य’ म्हणायचं. जो आधी पुरं करील त्याचं. दुसऱ्याचं अर्धं झालेलं बांधकाम तिथल्या तिथे बाद.

“महाग्रंथालय बांधत होतो. चौदा खेळ्या, बुवा! जंगल तोडलं. तट तसाच अर्धा सोडला. सगळं शहर त्या एका कामाला जुंपलं. एक खेळी उरली होती. एक! आणि पडद्यावर पाटी आली, ‘दूरदेशी महाग्रंथालय उभे राहिले.’ दूरदेशी म्हणजे कुठं? तर शरूकडे!”

“मंग?”

“मग मी म्हटलं, पाच खेळ्या मागे जाऊ. जुना डाव साठवलेला असतो, तिथून परत खेळता येतं. तर म्हणते कशी, ‘दादा, नाही.’ बस. एवढंच. ‘दादा, नाही.’”

“मंग?”

इथे मात्र अमोघचा आवाज जरा खाली आला.

“मग मी तिला लिहिलं... की पुन्हा मला फोन करू नकोस.”

“किती दिस झाले?”

“तीन आठवडे.”

“केला का तिनं?”

“नाही.”

आई आणि वडील, दोघंही चार वर्षांपूर्वी पाठोपाठ गेले. तेव्हापासून या दोघांना एकमेकांशिवाय जवळचं असं कोणी उरलं नव्हतं. रविवारी खेळता खेळता फोनवर जी बडबड व्हायची, तेवढाच काय तो घरपणा. पण हा पठ्ठ्या पडद्यावरच्या एका ग्रंथालयासाठी बहिणीला तोडायला निघाला होता, आणि वर स्वतःची चूक काय म्हणून विचारत होता.

बुवांनी दोरीला पीळ दिला.

“तू जितलास का कधी?”

“मी? बुवा, अर्ध्याहून जास्त आश्चर्यं माझी असतात. दीपगृह माझं. झुलती बाग माझी. सूर्यदेवाचा पुतळा...”

“त्यातली एका खेळीनं जितलास अशी किती?”

अमोघ बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

“ते कळत नाही.”

“का?”

“आपण जिंकलो की तुतारी वाजते, आपली इमारत दिसते. समोरचा तेच बांधत होता की नव्हता, हे खेळ सांगत नाही.”

“मंग कुनाला म्हाईत असंल?”

“शरू काही बांधत नव्हती हो. तिला त्यात रसच नाही. मी आश्चर्यं बांधतो आणि ती आपली बसते धान्याची कोठारं बांधत.”

“मी तुला काय इचारलं?”

बुवांनी दोरी बाजूला भिरकावली. त्यांचा आवाज इतका चढला, की ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

“लाव फोन.”

“मी नाही लावणार. तिनं लावावा.”

“लावू नको म्हनून तूच कळवलंस ना तिला? आता लाव! नायतर ऊठ, टेकडी उतर, आन् परत हितं पाय ठिवू नको.”

बुवांना इतकं संतापलेलं अमोघने कधी पाहिलं नव्हतं. तोही काही कमी तापला नव्हता. दातओठ खात त्याने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि दोघांच्या मधोमध आपटल्यासारखा ठेवला.

घंटी वाजत राहिली. आता उचलत नाही असं वाटत असताना शर्वरीने उचलला.

“आता कशाला फोन केलास?”

बुवा फोनवर वाकले.

“शरे, मी हिरागिर.”

“बुवा?...” तिचा आवाज एकदम नरमला. “तुम्ही बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीय? एक सांग. ह्यो तुझा दादा दीपगृह का काय म्हन्तोय. ते तू बी बांधत व्हतीस का?”

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

“हो.”

“किती ऱ्हायलं व्हतं तुझं?”

“दोन खेळ्या.”

“आन् बाग?”

“एक.”

“पुतळा?”

“एक. त्याच्या आधीच्या डावातही एकच.” तिने श्वास घेतला. “बुवा, मला उजळणी नाही करायची. ते सगळं बाद झालं, की शहरात खायला दाणा नसायचा. मग मी कोठारं बांधायला घ्यायचे.”

अमोघ ताडकन उभा राहिला.

“मग बोलली का नाहीस? इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस!”

“काय बोलायचं? तुतारी वाजली की तू खुर्चीतून उठून नाचायचास, मला इथे ऐकू यायचं. आई गेल्यापासून तू तेवढाच हसतोस, दादा.”

“म्हणून गप्प बसलीस? माझ्यावर उपकार केलेस?”

“उपकार कसले डोंबलाचे! राग यायचा मला. लॅपटॉप खिडकीतून खाली फेकावा असा राग यायचा. तुला वाट्टेल ते बोलावंसं वाटायचं. मग उठायचे आणि पाणी पिऊन यायचे.”

अमोघला आठवलं. ‘दादा, थांब हं, पाणी पिऊन येते.’ त्याच्या तुतारीनंतर हमखास हे वाक्य यायचं. डाव रंगात आलेला असायचा आणि तो करवादायचा, किती पाणी पितेस गं, चंद्रपुरात आग लागलीय का?

ग्रंथालय हातचं गेलं तेव्हा आला नव्हता इतका राग त्याला आता आला. शरूचा आला, कारण हे सगळं पोटात ठेवून तिने त्याला मूर्ख बनवलं होतं. बुवांचा आला, कारण त्यांनी ते उकरून काढलं होतं. स्वतःचा तर इतका आला, की माफी मागायला तोंड उघडलं तर त्यातून शिवीच बाहेर पडेल, अशी त्याला खात्री वाटली.

“बुवा,” तो मुठी आवळून म्हणाला, “मी काय करू आता? आत्ता काही बोललो, तर वाईटच बोलेन.”

“दादा?” फोनमधून आवाज आला. “आहेस का?...”

बुवांनी फोन उचलून आपल्या मांडीवर घेतला.

“थांब गं शरे. ठिवू नको.”

मग त्यांनी अंगणातल्या रांजणाकडे बोट केलं.

“जा,” ते अमोघला म्हणाले. “पानी पिऊन ये.”